कुंपणावरचा सरडा, माळावरची टिटवी

लेकरांनो, ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. ज्याची कुवत थोडी त्याची मजलही थोडी, असा अर्थ सरांनी फळ्यावर लिहून दिला असेल. माणसांपुरता तो अर्थ बरोबर आहे. आज मात्र मला सरड्याची बाजू मांडायची आहे.

त्यासाठी लांब जायला नको. आपल्या करमाडहून जालना रोडनं शेंद्र्याकडे निघालं, की कारखान्यांच्या आणि रिकाम्या प्लॉटांच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब लागतात. उन्हाळा सरत आला की सकाळी ऊन जरा तापल्यावर त्या खांबांकडे बघत चला. कुठल्या तरी खांबाच्या टोकावर सरडा बसलेला असतोच. नर असला तर ओळखायला अवघड नाही. डोकं आणि खांदे लालबुंद, गळ्यावर काळा डाग, पाठीवर काट्यांची रांग. तो पुढच्या दोन पायांवर अंग उचलतो आणि जोर काढतो. तीन-चार जोर झाले की थांबतो, मान तिरकी करून बघतो, पुन्हा जोर काढतो.

कुणाला दाखवायला? चार खांब सोडून पलीकडे दुसरा नर बसलेला असतो, त्याला. आणि जवळच्या झुडपात मादी असेल तर तिलाही. ‘इथून इथपर्यंतची जागा माझी,’ एवढंच त्या जोरांमधून सांगणं असतं. आपल्याकडे शेताच्या बांधावरून भाऊ-भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तसाच हा हद्दीचा वाद. फक्त सरडे तो बहुतेक वेळा अंगाला अंग न लावता मिटवतात. एकानं ऐकलंच नाही तर झटापट होते. जिंकलेल्याचा रंग आणखी चढतो, हरलेला फिका पडून झुडपात शिरतो.

आता म्हण पुन्हा म्हणून बघा. सरडा कुंपणाशी थांबतो तो पाय थकले म्हणून थांबत नाही. पलीकडे दुसऱ्याचं राज्य असतं. शिवाय कुंपण म्हणजे त्याच्यासाठी सगळी सोय. पूर्वी आमच्याकडे बोराटीच्या काट्यांची कुंपणं असत. त्यात मुंग्या, किडे, नाकतोडे भरपूर, वर बसलं की चारी दिशा दिसणार, आणि शिक्रा झेपावला तर एका उडीत काट्यांच्या आत. ज्यानं कुणी ही म्हण पहिल्यांदा म्हटली, त्यानं सरडा नीट पाहिला होता. माझा त्याला नमस्कार आहे. कमीपणाचा अर्थ आपण माणसांनी वरून चिकटवला.

दुसरा आरोप रंग बदलण्याचा. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला आपण सरडा म्हणतो. सरडा रंग बदलतो हे खरं, पण तो फसवायला बदलतो हे फारसं खरं नाही. सकाळी अंग गार असतं तेव्हा तो काळपट होतो, कारण काळपट अंग ऊन लवकर शोषून घेतं. राग आला, घाबरला, मादी दिसली, की रंग वेगळा. म्हणजे त्याच्या मनात काय चाललंय ते कातडीवर उघड दिसतं. लपवाछपवी करणाऱ्याला त्याचं नाव देणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. रंगाचा खरा उस्ताद म्हणजे त्याचा दूरचा भाऊबंद, शॅमेलियॉन. त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीनं रचलेले असतात. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं की तो चेकाळला की या स्फटिकांमधलं अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की परत फिरणाऱ्या प्रकाशाचा रंग हिरव्या-निळ्याकडून पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो.

आमच्या लहानपणी पोरं म्हणायची, सरडा लांबूनच माणसाचं रक्त पितो, बघ त्याचा गळा कसा लाल झालाय! आणि दगड उचलायची. तो लाल रंग त्याचा स्वतःचा असतो, विणीच्या दिवसांपुरता. रक्त पिणं दूरच, तो पिकावरचे किडे खातो. पावसाच्या ओलीनं जमीन मऊ झाली की मादी खाली उतरते, पुढच्या पायांनी खड्डा करते, 10 ते 20 लांबट अंडी घालते आणि नाकाडानं माती दाबून निघून जाते. सहा-सात आठवड्यांनी बोटाएवढी पिल्लं आपली आपण बाहेर येतात. त्यांना शिकवायला कुणी नसतं, तरी कुंपण त्यांना बरोबर सापडतं.

सरड्यांची आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट तर जगभर गेली. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. तिथले सरडे गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी असा पंखा उघडतात. या पंखेवाल्या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये ‘सराडा’ हेच नाव दिलं, आपल्या मराठी सरड्यावरून. 2018 मध्ये याच पठारावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले, आणि त्यामुळे तिथे सरडे वाढलेले दिसले. इतकंच नाही, ते निर्धास्तही झाले होते. माणूस बराच जवळ गेला तरी पळत नव्हते, आणि त्यांच्या रक्तात भीतीच्या वेळी वाढणारं संप्रेरक कमी निघालं. एक पातं आकाशात फिरतं, ससाणा-शिक्रा दूर जातो, आणि जमिनीवरच्या सरड्याचा स्वभाव बदलतो! शेंद्र्याच्या माळावर एवढे कारखाने उभे राहिले, तेव्हा इथल्या कुंपणांवर काय काय बदललं असेल, हे मोजायला तुमच्यापैकी कुणीतरी पुढे यावं असं मला फार वाटतं.

आता ‘गोगलगाय आणि पोटात पाय’. वरून गरीब दिसणारा आतून बेरकी, असा या म्हणीचा रोख. पण लेकरांनो, शरीररचनेचं इतकं अचूक वर्णन दुसऱ्या म्हणीत मला तरी सापडलेलं नाही. पावसाळ्यात एक गोगलगाय उचलून स्वच्छ काचेवर ठेवा (हातात प्लास्टिकची पिशवी घालूनच उचला, तिच्या अंगावर रोगजंतू असू शकतात) आणि काचेच्या खालून बघा. पोटाची सगळी बाजू म्हणजे एकच रुंद पाय. त्या पायावरून आडव्या सावल्या एकामागून एक सरकताना दिसतात. त्या स्नायूंच्या लाटा. खाली चिकट स्राव पाझरतो आणि त्यावरून ती पुढे जाते. तो स्राव असा गुणी, की धारदार पात्यावरूनही तिला इजा न होता जाता येतं.

शेताच्या बांधावर हल्ली जी मोठी शंखी गोगलगाय दिसते, ती मूळची आपली नाहीच. ती पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या एका इंग्रज हौशी अभ्यासकानं 1847 मध्ये मॉरिशसहून तिच्या जिवंत जोडीला कलकत्त्याला आणलं आणि ती तिथल्या एका बागेत सुटली. एकेका गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे अंडी घालायला कुणीही चालते, आणि एका खेपेला शंभर-दोनशे अंडी सहज. ऊन तापलं की ती मातीत शिरते, शंखाचं तोंड वाळक्या पडद्यानं बंद करते आणि पाऊस येईपर्यंत महिनोन्‌महिने पडून राहते. आपला मराठवाडा कोरडा, इथे काय जगणार ती, असं वाटायचं. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे तिनं सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात खाल्ली. कितीतरी शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. त्या वर्षी ज्यांनी पोटच्या पोरागत जपलेलं रोप सकाळी गायब झालेलं पाहिलं, त्यांना ही म्हण हसण्यावारी नेता येत नाही. उपायही तसाच चिकाटीचा आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाला टाकायची, त्याखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. गावानं मिळून एकाच वेळी केलं तरच उपयोग. एकट्याच्या शेतातून वेचून भागत नाही.

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ या म्हणीचं थोडक्यात सांगतो. गावकावळा पाव किलोच्या जरा वर भरतो. त्याच्या वजनानं चांगली फांदी मोडत नाही, हे म्हणीलाही ठाऊक आहे. पण चैत्र-वैशाखात घरटं बांधताना कावळा बारीक काटक्या चोचीनं पिरगाळून खरोखरच मोडतो, मुद्दाम. आणि कारखान्यांच्या आसपास काटक्या कमी, तारा जास्त, म्हणून बांधकामाच्या बाइंडिंग वायरचीही घरटी करतो. तेवढ्या कष्टानं केलेल्या घरट्यात कोकिळा गुपचूप अंडं ठेवून जाते.

पालीकडे मात्र जरा बसू या. आमची आजी कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की जमिनीवर बोट वाजवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. पंचांगात पल्लीपतनाची फळं अजूनही छापून येतात, आणि ‘मनात शंकेची पाल चुकचुकली’ हे तर आपण रोज बोलतो. पाल आपल्याशी बोलत नाही, बरं का. ती दुसऱ्या पालीशी बोलते. ट्यूबलाइटजवळची जागा मोक्याची, किडे तिथेच येतात. त्या जागेची मालकी सांगायला, नाहीतर जोडीदाराला बोलवायला, ती चुकचुकते.

रात्री ओसरीतल्या दिव्याखाली पाल खिडकीच्या काचेवर आली, की तुम्ही काचेच्या दुसऱ्या बाजूनं तिचे तळवे बघा. बोटांच्या खाली आडव्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात, आणि प्रत्येक केसाला शेकडो फाटे फुटलेले. तिथे डिंक नाही, चोखण नाही, नखांचा आधारही नाही. फाट्यांची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की दोन पदार्थांच्या रेणूंमध्ये जी किंचितशी ओढ असते ती लागू होते. एका टोकाची ओढ नगण्य, पण अशी टोकं अब्जावधी. या ओढीला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. अमेरिकेतल्या केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये एकेका केसाची पकड मोजली, आणि 2002 मध्ये पकडीचं कारण हेच बल असल्याचं दाखवलं. पाय सोडवायचा तर ती बोटं टोकाकडून वर गुंडाळते. केसाचा कोन बदलतो आणि पकड सुटते. हे सगळं एका सेकंदात कितीदा तरी.

तिला पापण्या नाहीत, म्हणून जिभेनं डोळे पुसते. शेपूट तुटतं ते ठरलेल्या जागी, मणक्यातच तशी फट असते; वळवळणाऱ्या शेपटाकडे मांजर बघत राहतं आणि पाल निसटते. नवं शेपूट येतं, पण त्यात मणके नसतात, कूर्चेची एक कांडी असते. आपल्या घरातल्या पाली विषारी नाहीत. ताटात पडली तर अन्न टाकून द्यावं, कारण तिच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. तेवढ्यासाठी झाडू घेऊन तिच्यामागे धावायचं कारण नाही. रात्रभर डास, पाखरं, झुरळांची पिल्लं खाणारं हे जनावर आपण होऊन घरात आलंय.

राहता राहिली टिटवी. ती रात्री ओरडली की कुणाचं तरी वाईट होणार, असं म्हणतात. आभाळ पडलं तर झेलायला ती पाय वर करून झोपते, असंही म्हणतात. आणि पंचतंत्रातल्या टिटवीनं तर अंड्यांसाठी समुद्राशी वैर धरलं. पाय वर करून ती झोपत नाही. झाडावरही बसत नाही, कारण फांदी धरायला लागणारं मागचं बोट तिला नावापुरतंच आहे. तिचं सगळं आयुष्य जमिनीवर. आणि म्हणूनच ती ओरडते. रात्री कुत्रं, मुंगूस, माणूस, कुणीही तिच्या अंड्यांच्या दिशेनं निघालं की आधी तिला कळतं. तिचं ओरडणं हा तिच्या घरावर आलेल्या संकटाचा पुकारा आहे, आपल्या घरावरच्या नव्हे.

उन्हाळ्यात ती उघड्या माळावर, मुरूम पसरलेल्या रिकाम्या प्लॉटवर, क्वचित रेल्वेच्या खडीत किंवा सपाट गच्चीवरसुद्धा बहुधा चार अंडी घालते. घरटं म्हणजे उथळ खळगा आणि भोवती खडे. अंड्यांचा मातकट रंग आणि काळे डाग असे, की दोन हातांवर उभं राहूनही दिसत नाहीत. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं आपल्याकडचे शेतकरी म्हणतात. पण तिला पाहिजे असते ती चौफेर नजर जाईल अशी जागा; त्यासाठी पुढचा पाऊस ठाऊक असावा लागत नाही. मे महिन्यात इथला मुरूम पायाला भाजतो. तेव्हा ही बाई पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, परत येऊन अंड्यांवर बसते आणि त्यांना गार ठेवते. नर-मादी पाळीपाळीनं 28 ते 30 दिवस अंड्यांवर बसतात. पिल्लं बाहेर आली की थोड्याच वेळात चालू लागतात, आणि आईनं हाक दिली की असतील तिथे जमिनीला चिकटून निपचित पडतात.

तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत शेंद्र्याच्या त्या मोकळ्या प्लॉटांवर क्रिकेट खेळायला जाल, आणि टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालायला लागली, तर पुढे धावू नका. जागच्या जागी थांबा, पायाशी आणि चारी बाजूंना नीट बघा. अंडी दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी वाकून बसू नका. उन्हात ती जितका वेळ उघडी राहतील तितका धोका. आल्या पावली मागे फिरा आणि स्टंप दुसऱ्या प्लॉटमध्ये रोवा.