खाडीच्या थेंबातील पिष्ट

शाळेच्या प्रयोगशाळेत पान मद्यार्कात उकळून त्यावर आयोडीनचा थेंब टाकल्याचे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पान निळे-काळे पडले, की त्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च आहे. उकड्या तांदळाच्या पेजेतही तेच पिष्ट. मालवणच्या खाडीतील, किंवा १९३० च्या सत्याग्रहाने गाजलेल्या शिरोड्याच्या मिठागरांतील हिरवट पाण्यात जी सूक्ष्मशैवाले सापडतात, त्यांची परीक्षाही मुळात याच प्रयोगाने सुरू होते.

सर्वच सूक्ष्मशैवाले पिष्ट साठवीत नाहीत. क्लोरेला, टेट्रासेल्मिस आणि मिठागरांसारख्या अतिखाऱ्या पाण्यात तग धरणारे ड्युनालिएला ही हिरवी शैवाले ते हरितलवकात साठवितात. डायटमची साठवण निराळी असते. ती आयोडीनने निळी होत नाही. नीलहरित जीवाणूंतील ग्लायकोजेन तांबूस-तपकिरी रंग देते. म्हणून पहिली चाळण रंगाची. गंमत अशी, की आयोडीन १८११ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम हाती आले, ते समुद्री शैवालांच्या राखेतूनच!

रंग 'आहे' एवढेच सांगतो. 'किती' ते सांगत नाही. त्यासाठी एकेक जात वेगळी करून वाढवितात, पेशी सुकवून तोलतात, हरितद्रव्य मद्यार्काने धुऊन काढतात आणि उरलेल्या पिष्टाचे विकरांच्या साहाय्याने ग्लुकोज करून ते मोजतात. येथे वेळेचे भान हवे. शैवाल दिवसा पिष्ट साठविते व रात्री खर्चिते. एकाचा नमुना सकाळी आणि दुसऱ्याचा सायंकाळी घेतला, तर तुलनाच खोटी ठरते.

दुसरी फसगत याहून मोठी. पाण्यातील नत्र संपले की पेशींचे विभाजन मंदावते, प्रकाश मात्र मिळतच राहतो; साहजिकच पिष्ट साचते. टक्केवारी फुगते, पण वाढ खुंटते. समजा, एका संवर्धनात लिटरमागे अर्धा ग्रॅम कोरडे शैवाल असून पिष्ट ४० टक्के आहे. दुसऱ्यात एक ग्रॅम शैवाल, पण पिष्ट २५ टक्केच. पहिल्यात ०.२ ग्रॅम पिष्ट मिळाले, दुसऱ्यात ०.२५ ग्रॅम. नुसत्या टक्क्यांवर भाळणाऱ्याने नेमके सरस शैवाल फेकून दिले असते.

हा खटाटोप कशासाठी? पिष्टाच्या साखरेपासून यीस्ट इथेनॉल बनविते. आज त्यासाठी मका व तांदूळही वापरला जातो. शैवालाला भाताचा कुणगा लागत नाही, खारे पाणीही चालते. अडचण आहे ती काढणीची: लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने किलोभर कोरड्या शैवालासाठी हजार लिटर पाणी वेगळे करावे लागते, आणि त्यालाही ऊर्जा लागतेच.