फुकट, मोफत आणि मुक्त: घरच्या कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. "आम्हालाही पॉडकास्ट सुरू करायचाय, घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगसाठी फुकटातलं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. नेहमीप्रमाणे भागात जे बोलले तेच इथे थोडं नीटनेटकं करून लिहिलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा.

उत्तर तसं एका शब्दाचं आहे: ऑडॅसिटी. पण ते का, हे कळलं नाही तर उद्या दुसरं काहीतरी चकचकीत दिसेल आणि तुम्ही तिकडे वळाल. मीही वळले होते. तो किस्सा आधी सांगते.

लॉकडाऊनमध्ये आजी आमच्याकडे चिंचवडला होती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती पुण्यात नारायण पेठेत राहायची. नुकतंच लग्न झालेलं, घर नदीपासून जवळ. लहानपणापासून तुकड्यातुकड्यांत ऐकलेली ती गोष्ट एकदा सलग रेकॉर्ड करायची, असं मी ठरवलं. इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी सॉफ्टवेअर शोधायला बसले! एक खूप देखणं सापडलं. 'फ्री' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आजीला खुर्चीत बसवलं, पंखा बंद केला आणि ती चाळीस मिनिटं बोलली.

प्रोजेक्ट सेव्ह केला. त्यातली चार मिनिटं एमपी३ करून आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, कारण तिने हट्टच धरला होता. बाकीचं रविवारी करू म्हटलं. तो रविवार काही आला नाही. ते 'फ्री' म्हणजे तीस दिवसांची चाचणी होती. मुदत संपली आणि एक्सपोर्टचं बटण बंद झालं. पुढे लॅपटॉप बदलला, त्यानंतर आजी गेली. मग पैसे भरायची तयारी ठेवून शोधलं, तर ती जुनी आवृत्ती मिळेना आणि नवी आवृत्ती माझा प्रोजेक्ट उघडेना.

आज माझ्याकडे आजीच्या आवाजातली चारच मिनिटं आहेत. पाणी ओसरल्यावर घरात किती चिखल होता आणि भांडी किती दिवस घासत होतो, एवढंच त्यात आहे. ती रात्र त्यांनी कुणाच्या घरी काढली ते नाव राहिलेल्या छत्तीस मिनिटांत होतं. आता विचारायला कोणी नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारते: आत गेलेला आवाज कुणाच्याही परवानगीशिवाय बाहेर काढता येतो का? फीचर्स नंतर.

आता 'फ्री' या शब्दाकडे येऊ. इंग्रजीत एकच शब्द आहे, आपल्याकडे सुदैवाने तीन आहेत. माझ्या सोयीसाठी मी ते असे वाटून घेतलेत.

फुकट: म्हणजे चाखायला दिलेलं. काही दिवस वापरा, मग पैसे भरा. यात गैर काही नाही, फक्त ते आधी माहीत हवं. उदाहरणार्थ, रीपर हे फार चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण ते साठ दिवस वापरून बघायचं आणि मग परवाना विकत घ्यायचा, असा त्यांचा उघड हिशोब आहे.

मोफत: पैसे लागत नाहीत, पण सॉफ्टवेअरचा कोड कंपनीकडे. ओशनऑडिओ या प्रकारातलं. ब्राझीलमधल्या सांता कातारिना इथल्या विद्यापीठातून ते आलंय. मॅकवरचं गॅरेजबँडही असंच. दोन्ही चांगली आहेत, पण उद्या मालकाने विचार बदलला तर आपण काही करू शकत नाही.

मुक्त: कोड सगळ्यांसाठी खुला. कुणीही बघावा, बदलावा, वाटावा. ऑडॅसिटी या प्रकारात येतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं आणि २००० मध्ये लोकांसाठी खुलं केलं.

मुक्त असण्याचा फायदा काय, हे २०२१ मध्ये दिसलं. त्या वर्षी म्यूझ ग्रुपने ऑडॅसिटी आपल्याकडे घेतलं. वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून आणि नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून बराच गदारोळ झाला. काही मंडळींनी सरळ तोच कोड घेऊन टेनॅसिटी नावाची वेगळी आवृत्ती काढली. कंपनीनेही काही गोष्टी मागे घेतल्या. कोड बंद असता तर लोकांना तक्रार करण्यापलीकडे काही करता आलं नसतं. इथे पर्यायी वाट काढता आली.

मग कुणी काय घ्यावं? अगदी सोपं करून सांगते.

फक्त एक आवाज पटकन टिपायचाय, कापाकापी नको, तर विंडोजमध्ये आधीपासून असलेला साउंड रेकॉर्डर पुरे. विंडोज १० मध्ये त्याचं नाव व्हॉइस रेकॉर्डर आहे. मॅक असेल आणि मागे संगीत वगैरे घालायचं असेल तर गॅरेजबँड वापरून बघा. आधी केलेली एखादी फाइल साफ करायची असेल तर ओशनऑडिओ हाताळायला खूप सोपं आहे, पण दोन माणसांचे आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर ठेवून एकत्र करायचे असतील तर ते कामाचं नाही. तिथे ऑडॅसिटीच. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, त्यामुळे कॉम्प्युटर बदलला तरी काम अडत नाही. उतरवून घेताना मात्र त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

दिसायला ते थोडं जुनाट वाटेल, घाबरू नका. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

१. माइक योग्य निवडलाय का ते बघा. हेडफोनचा माइक लावलाय आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या माइकवरून होतंय, हा प्रकार सगळ्यांचा एकदा तरी होतो.

२. एकाच माणसाचा आवाज असेल तर मोनो ठेवा. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट या मापाने मोनोची वेव्ह फाइल सेकंदाला ८८,२०० बाइट घेते, म्हणजे तासाला साधारण ३१८ एमबी. स्टिरिओ केलं तर दुप्पट जागा जाते आणि बोलण्यात काही फरक पडत नाही.

३. बोलताना मीटरकडे लक्ष द्या. आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. कमी आवाज मात्र नंतर वाढवता येतो.

४. सुरुवातीचे पाच-दहा सेकंद कुणीच बोलू नका. ती शांतता निवडून नॉइज रिडक्शनला दाखवायची: "ही घरघर ओळखून ठेव." मग सगळा ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा चालवायचा. ६ ते १२ डेसिबल पुरेत. जास्त ताणलं तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. आणि कुकरची शिट्टी याने जात नाही बरं का. एकसारखी घरघर जाते, शिट्टी नाही. त्यासाठी स्वयंपाकघराशी वेळ ठरवावी लागते.

५. 'सेव्ह' आणि 'एक्सपोर्ट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेव्ह केल्यावर ऑडॅसिटीचा स्वतःचा प्रोजेक्ट तयार होतो, तो इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडेलच असं नाही. २०२१ च्या आधी तर प्रोजेक्टची एक छोटी फाइल आणि शेजारी आवाजाच्या तुकड्यांचा फोल्डर, अशी जोडी असायची. लोक नुसती छोटी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जायचे आणि आवाज घरीच राहायचा! आता सगळं एका फाइलमध्ये येतं. तरीही माझा नियम असा की रेकॉर्डिंग संपलं की खुर्चीतून उठायच्या आधी वेव्ह एक्सपोर्ट करायची. कापाकापी करण्याआधीची, जशी आहे तशी. लोकांना पाठवायला एमपी३ नंतर करा. ६४ केबीपीएसला तासाभराचं बोलणं साधारण २९ एमबीत बसतं.

आणि शेवटी, कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत, अगदी मी सांगितलेलंसुद्धा, तरी दहा मिनिटांची एक परीक्षा आधी घ्या. एक मिनिट काहीही बोला. वेव्ह काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर नेऊन वाजवा. मग पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करून मध्येच टास्क मॅनेजरमधून सॉफ्टवेअर बंद पाडा आणि परत उघडा. ऑडॅसिटी अशा वेळी अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग परत मिळवू का, असं विचारतं. तुमचं सॉफ्टवेअर काय करतं ते बघा. लाइट कधी जाईल ते आपल्या हातात नाही, ही परीक्षा आहे.

ती पार पडली की मग घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर माइक ठेवा. महागडा माइक, फोमचे तुकडे, सगळं नंतर येईल. पंखा बंद करा, पडदे ओढा आणि एक प्रश्न विचारून गप्प बसा.

माझ्याकडे आता बाबांच्या लहानपणाचे साडेतीन तास आहेत, वेव्हमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर. मागच्या महिन्यात मी त्यांना विचारलं, पानशेतच्या रात्री आजी कुणाकडे राहिली होती? त्यांना आठवत नाही. ते तेव्हा जन्मलेच नव्हते.

तर या रविवारी करून टाका. पुढच्या भागात दोन माणसं दोन गावांत असताना रेकॉर्डिंग कसं करायचं ते बघू. भेटूच!