साबुदाण्याचा लघुउद्योग : नफा कोठे, तोटा कोठे?

एकादशी किंवा नवरात्र आले की घरोघर साबुदाण्याची खिचडी शिजते. परंतु साबुदाणा हे धान्य नसून टॅपिओका, म्हणजेच साबुकंद, या झुडुपाच्या मुळांतील पिष्टापासून तो तयार होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पूर्वी हा माल मुख्यतः मलाया व सिंगापूरकडून येत असे. दुसऱ्या महायुद्धात ही आयात खुंटली आणि तामिळनाडूतील सेलम परिसरात स्थानिक कंदांपासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. आज तेथे असे शेकडो कारखाने आहेत.

प्रक्रिया दिसावयास सोपी आहे. कंद सोलून, धुऊन किसतात व भरपूर पाण्याने गाळतात. गाळलेले दुधासारखे पाणी हौदात स्थिर ठेवले की तळाशी पिष्टाचा साका बसतो. हा ओलसर साका हलवून त्याचे गोल दाणे करतात, चाळतात, भाजतात अथवा वाफवतात आणि उन्हात वाळवितात.

या धंद्याचे गणित मात्र कंदातील पिष्टावर अवलंबून असते. ताज्या कंदात साधारणतः साठ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यामुळे एक किलो कोरडा माल मिळण्यास सामान्यपणे चार ते पाच किलो कंद लागतात. उदाहरणार्थ, कंदाचा भाव किलोस 8 रुपये धरला, तर पाच किलो लागल्यास कच्च्या मालाचा खर्च 40 रुपये होतो; चार किलो लागल्यास तो 32 रुपयांवर येतो. मजुरी, वीज, जळण व व्याज यांत फरक न पडताही किलोमागे 8 रुपयांचे अंतर पडते. पुष्कळदा कारखानदाराचा सारा नफा एवढ्याच अंतरात सामावलेला असतो. म्हणूनच सेलमकडे कंदातील पिष्टाचे प्रमाण तपासून भाव ठरविण्याची पद्धत आहे.

दुसरी अडचण वेळेची. काढणीनंतर दोन-तीन दिवसांतच कंद आतून काळे पडू लागतात. कारखाना शेतापासून दूर असेल, तर माल वाटेतच खराब होतो. शिवाय हंगाम संपताच यंत्रे थांबतात. कर्जावरील व्याज मात्र थांबत नाही.

तिसरा प्रश्न विक्रीचा. हंगामात सर्वांचाच माल एकदम बाजारात येतो आणि रोख पैशाची निकड असलेला लहान कारखानदार मिळेल त्या भावाने तो विकून टाकतो. यावर उपाय म्हणून 1981 साली सेलम येथे ‘सागोसर्व्ह’ ही कारखानदारांची सहकारी संस्था स्थापन झाली. सभासदांचा माल गोदामात ठेवणे, त्यावर उचल देणे व निविदा मागवून तो विकणे, ही कामे ती करते.

गाळणीनंतर उरणारा चोथाही वाया जात नाही. तो वाळवून पशुखाद्यासाठी विकता येतो. सांडपाण्याची काळजी मात्र घ्यावयासच हवी. कंदात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते आणि प्रक्रियेचे पाणी लवकर आंबते. ते ओढ्यात सोडल्यास गावाच्या पाण्यास अपाय होतो. हा खर्च आरंभीच हिशेबात धरावा.

कोकण-गोव्यासारख्या दमट प्रदेशात असा उद्योग काढू इच्छिणाऱ्यांनी यंत्रे घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : जवळपास पुरेशी लागवड आहे काय, स्वच्छ पाणी मुबलक आहे काय, वाळवणीस पुरेसे ऊन मिळते काय आणि खरेदीदार निश्चित आहे काय. तिरुवनंतपुरम येथे केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था 1963 पासून कार्यरत आहे. वाण व प्रक्रिया यांबाबत तिचा सल्ला घेणे हिताचे ठरेल. चारही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच कर्जाच्या अर्जावर सही करावी.