पकडीचे बळ आणि बोटांची जपणूक

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या सुरत जिल्ह्याकडे निघतात. त्यांपैकी कित्येक टोळ्यांचा मुक्काम बारडोलीच्या परिसरात पडतो. १९२८ च्या शेतकरी सत्याग्रहामुळे बारडोलीचे नाव साऱ्या देशाला परिचित झाले. पुढे काकरापार बंधारा व उकाई धरण यांच्या कालव्यांचे पाणी या भागात खेळू लागले, सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि हा प्रदेश उसाचा म्हणून ओळखला जाऊ लागला. हंगाम संपला की या टोळ्या आपल्या गावी परततात. तेव्हा खानदेशात यात्रांचे दिवस असतात. यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्त्यांपासून मानाच्या कुस्तीपर्यंत गावोगावचे तरुण तेथे हौसेने उतरतात.

ज्या हाताने उसाची कांडी धरावयाची व कोयता चालवावयाचा, त्याच हाताने प्रतिस्पर्ध्याची पकड घ्यावयाची असते. म्हणूनच हातावर पोट असलेल्या मल्लाच्या बोटाची दुखापत ही केवळ खेळातील दुखापत राहत नाही. आखाड्यात दुखावलेले बोट वाकडे राहिले तर पुढच्या हंगामात कोयत्याची मूठ नीट आवळता येत नाही आणि त्याचा परिणाम थेट मजुरीवर होतो. असे असूनही पाय मोडला तर धावाधाव होते. बोट दुखावले तर मात्र ‘साधी मुरगळ आहे, होईल बरी’ असे म्हणून वेळ दवडला जातो. अलीकडे बोटांना चिकटपट्टी बांधण्याची रीत आखाड्यांतून व कबड्डीच्या मैदानांतून रूढ होत आहे. ही रीत उपयुक्त आहे. तथापि पट्टी कशासाठी, केव्हा व कशी बांधावी याची माहिती नसेल, तर तिच्यामुळे लाभाऐवजी हानी होण्याचाच संभव अधिक असतो.

बोटाची रचना

हाताच्या पंजात व मनगटात मिळून २७ हाडे असतात. त्यांपैकी १४ हाडे बोटांची होत. अंगठ्यात दोन आणि इतर प्रत्येक बोटात तीन, असा त्यांचा हिशेब आहे. अंगठ्याखेरीज प्रत्येक बोटाला मुळाचा, मधला व टोकाचा असे तीन सांधे असतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना अस्थिबंधांचे मजबूत पट्टे असून ते हाडांना जागच्या जागी धरून ठेवतात. विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, बोट वाकविणारे बळ मुख्यत्वे बोटात नसतेच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंत असते. तेथून निघालेल्या दोरीसारख्या कंडरा बोटांच्या टोकापर्यंत जातात व स्नायू आखडले की बोटे मिटतात. मोटेचा नाडा तुटला म्हणजे बैल कितीही जोर लावोत, मोट वर येत नाही. त्याचप्रमाणे कंडरा तुटली तर मनगटात कितीही बळ असले तरी बोटाचे टोक हलत नाही.

यावरून पट्टीची मर्यादाही स्पष्ट होते. पट्टी ही त्वचेवर बसते. बाजूच्या दुखावलेल्या अस्थिबंधाला ती आधार देऊ शकते, सांधा नको त्या दिशेला वळू नये म्हणून त्याला अटकाव करू शकते. तुटलेली कंडरा ती सांधू शकत नाही, मोडलेले हाड बसवू शकत नाही आणि पकडीचे बळही वाढवू शकत नाही.

दुखापत होते कशी

कुस्तीच्या आरंभी दोन्ही मल्ल खडाखडी करतात. एकमेकांचे पंजे, मनगटे व मान धरण्याच्या या झटापटीत बोटांत बोटे अडकतात आणि एखादे बोट बाजूला किंवा मागे वळते. मधल्या सांध्याची मुरगळ बहुधा अशीच होते. पुढे लंगोटाची पकड घेतली असता प्रतिस्पर्धी जोराने निसटला, तर अडकलेले बोट मिटलेल्या अवस्थेत एकदम ओढले जाते. यात टोकाच्या हाडापासून कंडरा उखडण्याचा धोका असतो. ही दुखापत अनामिकेला अधिक होते. कबड्डीत साखळी करून उभे राहिलेल्या खेळाडूंवर चढाई करणारा आदळला म्हणजे गुंतलेल्या बोटांवर असाच ताण येतो. ज्यूदोमध्ये जाड कापडाचा अंगरखा धरूनच खेळावयाचे असल्याने बोटांचे सांधे वर्षानुवर्षे झिजतात. त्यामुळे त्या खेळात बोटांना पट्ट्या बांधलेले खेळाडू सर्रास दिसतात.

पट्टीपूर्वी परीक्षा

बोट दुखावल्याबरोबर प्रथम अंगठी, वळे किंवा दोरा काढून टाकावा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत व रक्तप्रवाह अडतो. त्यानंतर स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे शेक द्यावा. बर्फ नसल्यास थंड पाण्याची घडी ठेवावी आणि हात छातीच्या उंचीवर धरावा. तेल लावून चोळणे किंवा वाकडे दिसणारे बोट ओढून ‘बसविणे’ हे दोन्ही उपचार कटाक्षाने टाळावेत. आत हाड मोडलेले असेल तर ओढण्याने ते अधिक सरकते.

यानंतर तीन साध्या परीक्षा कराव्यात. त्यांना कोणतेही साधन लागत नाही.

पहिली परीक्षा : दुखऱ्या बोटाचा मधला सांधा दुसऱ्या हाताने सरळ धरून ठेवावा व केवळ टोक वाकविण्यास सांगावे. टोक वाकलेच नाही तर आतील बाजूची कंडरा तुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी शस्त्रक्रिया लागते व ती शक्य तो पहिल्या सात ते दहा दिवसांत होणे हितावह असते. पट्टी बांधून महिनाभर वाट पाहणाऱ्याच्या हातून ही संधी निघून जाते.

दुसरी परीक्षा : बोट सरळ करण्यास सांगावे. टोक खाली लोंबत राहिले व आपले आपण उचलता आले नाही, तर वरील बाजूची कंडरा सुटली असे समजावे. टोकाचा सांधा लहान फळीच्या आधाराने सतत सहा ते आठ आठवडे सरळ ठेवणे हा यावरील उपाय आहे. मधल्या काळात सांधा एकदा जरी वाकला तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. म्हणूनच फळी बदलतानाही बोटाचे टोक मेजावर टेकवून सरळच ठेवावे लागते. मधला सांधा सरळ करता येत नसेल तर तीही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हे. डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

तिसरी परीक्षा : हलकेच मूठ मिटण्यास सांगून नखांकडे पाहावे. निरोगी हाताची चारही बोटे मिटताना अंगठ्याच्या मुळाच्या दिशेला वळतात. एखादे बोट शेजारच्या बोटावर चढत असेल, तर हाड मोडून फिरलेले असण्याची शक्यता असते. शाळकरी मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. त्यांच्या हाडांची वाढ होणारा भाग कोवळा असतो व मुरगळ वाटणारी दुखापत प्रत्यक्षात त्या भागाचा मोड असू शकते.

यांपैकी कोणत्याही परीक्षेत दोष आढळला, बोट वाकडे किंवा बधिर झाले, अथवा जखम सांध्यापर्यंत खोल गेली, तर पट्टीचा विचार सोडून रुग्णालय गाठावे व क्ष-किरण छायाचित्र काढून घ्यावे. बारडोलीत काम करणाऱ्यांना सुमारे ३० ते ३५ किलोमीटरवरील सुरतेच्या शासकीय रुग्णालयात जाता येते. एका दिवसाची मजुरी बुडेल या भीतीने जाणे टाळणाऱ्याला पुढे संपूर्ण हंगामाची मजुरी गमवावी लागू शकते, ही गोष्ट टोळीच्या मुकादमानेही ध्यानी घ्यावी.

पट्टी बांधण्याची रीत

परीक्षेत दोष नसेल व केवळ मुरगळ असेल तर पट्टीचा उपयोग होतो. औषधाच्या दुकानात मिळणारी न ताणली जाणारी सुती झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी याकरिता योग्य असते. बोटासाठी सव्वा सेंटिमीटर रुंदी पुरेशी आहे. अडीच सेंटिमीटरची पट्टी उभी फाडूनही काम भागते. विजेच्या तारांना गुंडाळावयाची काळी पट्टी किंवा दोरा कधीही वापरू नये. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. तेल, घाम वा माती राहिल्यास पट्टी धरत नाही.

पहिली रीत शेजारच्या बोटाच्या आधाराची आहे. दुखरे बोट निरोगी शेजाऱ्याशी बांधावयाचे. करंगळीला अनामिकेचा व तर्जनीला मधल्या बोटाचा आधार द्यावा. दोन्ही बोटांमध्ये कापसाचा किंवा मऊ कापडाचा पातळ थर ठेवावा, अन्यथा घामाने त्वचा सोलते. एक पट्टी मुळाचा व मधला सांधा यांच्या मध्ये आणि दुसरी मधला व टोकाचा सांधा यांच्या मध्ये गुंडाळावी. सांध्यावर पट्टी येऊ देऊ नये. करंगळी आखूड असल्यामुळे तिचे सांधे अनामिकेच्या सांध्यांशी समपातळीत येत नाहीत. तेथे जागा नीट पाहून पट्टी थोडी तिरपी घ्यावी.

दुसरी रीत फुलीची आहे. बोट मागे वळून मधला सांधा दुखावला असेल तेव्हा ती वापरतात. बोट किंचित वाकवून सांध्याच्या वर व खाली एकेक वेढा द्यावा. नंतर तळहाताच्या बाजूने, बरोबर सांध्यावर फुली पडेल अशा दोन तिरप्या पट्ट्या एका वेढ्यापासून दुसऱ्या वेढ्यापर्यंत लावाव्यात व शेवटी वेढे पुन्हा पक्के करावेत. ही पट्टी नीट बसली असता मूठ मिटता येते, मात्र बोट मागे वळत नाही.

कोणतीही रीत असो, पट्टी ओढून न बांधता त्वचेवर नुसती ठेवीत न्यावी. बांधून झाल्यावर नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोट निळसर, थंड किंवा बधिर झाल्यास पट्टी तत्काळ काढावी. खेळ संपल्यावर पट्टी बोटावर ठेवून झोपी जाऊ नये. थोडे खोबरेल लावून ती हळूहळू सोडवावी, हात धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि वापरलेली पट्टी टाकून द्यावी. घाम व माती धरलेल्या पट्टीखाली नायटा व पुरळ लवकर फैलावतात. बोटाला जखम असल्यास ती धुऊन निर्जंतुक कापडाने झाकावी व धनुर्वाताची लस घेतली आहे किंवा नाही याची खात्री करावी. आखाड्याची माती हळद व ताक घालून कितीही निगुतीने राखलेली असली, तरी ती माती आहे याचा विसर पडू देऊ नये.

नियम आणि परंपरा

गादीवरील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची बोटे पिरगळणे निषिद्ध आहे. लढतीपूर्वी नखे कापलेली आहेत किंवा नाहीत हेही पाहिले जाते. मनगट, बाहू वा घोटा यांवर दुखापत किंवा वैद्यकीय सल्ला यांखेरीज पट्टी बांधण्यास आंतरराष्ट्रीय नियमांची मुभा नाही. बोटाला पट्टी असल्यास ती पंचांना आधीच दाखविणे श्रेयस्कर. यात्रेतील मातीवरच्या कुस्त्यांतही पंचांनी हाच शिरस्ता पाळल्यास वादाला जागा राहणार नाही.

व्यायाम आणि दुखापतीचे उपचार यांची सांगड हा विचार या प्रदेशाला परका नाही. बारडोली तालुका इंग्रजी अमलाखाली असताना त्याच्या पूर्वेकडील व्यारा व सोनगड हे भाग बडोदे संस्थानात मोडत. त्याच बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव मल्लविद्येइतकेच हाडांच्या उपचारांसाठीही नावाजलेले होते. द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली मराठीतील ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध झाला, तोही बडोद्यालाच. शरीर कमवावयाचे, तसेच ते दुरुस्तही राखावयाचे, ही दृष्टी त्या पिढीला होती. त्या काळी क्ष-किरणांची सोय खेड्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. आज ती तालुक्याच्या गावी उपलब्ध असताना अंदाजाने बोट ओढण्याचे कारण उरलेले नाही.

गावाचे कर्तव्य

पट्टीची सवय निरोगी बोटांना लावू नये, हेही येथे सांगणे अवश्य आहे. दररोज पट्टी बांधून सराव केला तर खेळाडू तिच्यावरच विसंबून राहतो. दोर चढणे, मल्लखांब, ओल्या फडक्याला पीळ देणे यांसारख्या व्यायामांनी मनगट व पंजा कणखर होतो आणि तोच बोटांचा खरा आधार होय. मुरगळलेले बोट न दुखता पूर्ण मिटेपर्यंत व उघडेपर्यंत कुस्ती थांबवावी. पट्टी बांधली म्हणजे दंगलीत उतरण्याचा परवाना मिळाला, असा समज कोणी करून घेऊ नये.

प्रत्येक आखाड्यात व शाळेच्या क्रीडासाहित्यात चिकटपट्टीचे एक रीळ, कापूस, कात्री, नखे कापण्याचे साधन आणि साबण ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. शिक्षकांनी व वस्तादांनी वर दिलेल्या तीन परीक्षा मुलांकडून एकमेकांच्या हातांवर करवून घ्याव्यात. यात्रा समित्यांनी इनामाच्या रकमेची तरतूद करतानाच जखमींना रुग्णालयात नेण्यासाठी वाहनाची तरतूद करावी. कुस्तीचा निकाल काही क्षणांत लागतो. पण तीच बोटे पुढील तीस-चाळीस वर्षे नांगर, कोयता आणि लेखणी धरणार असतात. त्यांची जपणूक हा आखाड्याच्या शिस्तीचाच एक भाग मानला गेला पाहिजे.