आवाजाची मजुरी

1932 साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत व हिंदीत वेगवेगळा चित्रित केला. तोच प्रसंग नटांनी दोन भाषांत दोनदा केला.

पुढे डबिंग आले. ‘पुष्पा’ (2021) मधील अल्लू अर्जुनचा हिंदी आवाज आपल्या श्रेयस तळपदे यांचा. या कामात खरी पंचाईत ओठांची. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. तेव्हा मिटल्या ओठांवर तसाच शब्द बसवावा लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हे उलटे केले. यंत्र मूळ बोलणे लिहून घेते, भाषांतर करते, त्याच माणसाच्या आवाजात ते बोलते आणि चित्रातले ओठच शब्दांबरहुकूम नव्याने रेखाटते. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रातले तमिळ भाषण उद्या सावद्याच्या बागाइतदाराला मराठीत ऐकता आले, तर आम्हाला आनंदच होईल. यंत्राशी आमचे भांडण नाही.

पण यंत्र बोलायला शिकते ते माणसांच्या ध्वनिमुद्रणांवरून. आवाज एकदा घेतला की तो हजारदा राबतो. मग मजुरी एकदाच का? अमेरिकेतील नटांनी 2023 साली 118 दिवस संप केला, त्यात संमती व मोबदला हीही मागणी होती. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. नामवंत माणूस कोर्टाची पायरी चढू शकतो. रोजावर आवाज देणाऱ्याने कोठे जावे? त्याच्या करारातच लिहिलेले हवे: आवाज कोठे वापरणार, किती वेळा, किती पैशांत.

हमालाची मजुरी नगागणिक मोजतात. आवाजाचीही तशीच मोजावी, एवढेच आमचे म्हणणे.