स्वस्त औंसाचा महाग हिशेब

ऑक्टोबर 2025 मध्ये सोन्याने औंसाला 4000 डॉलरचा टप्पा ओलांडला आणि कॅनडातल्या छोट्या खाण कंपन्यांचे तुलनात्मक तक्ते पुन्हा फिरू लागले. या कंपन्यांकडे चालू खाण नसते, नफा नसतो, त्यामुळे पी/ई (शेअरचा भाव आणि नफा यांचं गुणोत्तर) बघण्याचा प्रश्नच नाही. मग कंपनीच्या बाजारमूल्याला जमिनीतल्या सोन्याच्या औंसांनी भागायचं. ज्या कंपनीचा औंस सर्वांत कमी डॉलरना पडतो, ती 'स्वस्त'.

हा भागाकार निव्वळ फसवा आहे. अलास्कातल्या पेबलचंच बघा. कॅनडाच्याच नॉर्दर्न डायनेस्टी कंपनीच्या या साठ्यात सुमारे 7 कोटी औंस सोनं आहे, तांबं वेगळंच. 4000 च्या भावाने नुसतं सोनंच 280 अब्ज डॉलरचं. कंपनीचं बाजारमूल्य त्याच्या एक टक्काही भरत नाही. का भरावं? टनामागे सोनं जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. साठा ब्रिस्टल बे या उपसागराला मिळणाऱ्या, सॅमन माशांच्या नद्यांच्या उगमापाशी. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिथल्या खाणीवर फुलीच मारली. रिओ टिंटोने तर 2014 मध्येच कंपनीतला आपला हिस्सा अलास्कातल्या दोन संस्थांना देऊन टाकला. विकला नाही, दान केला!

इंडोनेशियातल्या बुसांगला कॅनडाच्याच ब्री-एक्स कंपनीनेही 1997 मध्ये 7 कोटी औंसच सांगितले होते. तिचं बाजारमूल्य 6 अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत चढलं होतं. ड्रिलिंगमधून निघालेला दगडाचा दांडा उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा, अर्धा पेटीत जपायचा, हा या धंद्यातला रिवाज. बुसांगला जवळजवळ अख्खा दांडा भरडून पाठवत. फेरतपासणीला काही उरतच नव्हतं. नमुन्यातले सोन्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर कडा झिजून गोल झालेल्या. ते नदीच्या वाळूतलं सोनं होतं, वरून मिसळलेलं. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला आणि शेअर मातीमोल झाला.

त्यातूनच 2001 मध्ये कॅनडाचा 'एनआय 43-101' नियम आला. आता साठ्याची खात्रीच्या उतरत्या क्रमाने मेजर्ड, इंडिकेटेड, इन्फर्ड अशी वर्गवारी द्यावी लागते आणि आकड्यामागे पात्र तज्ज्ञ उभा असावा लागतो. तक्त्यातून नेमकी ही वर्गवारीच गळते. लांब-लांब मारलेल्या मोजक्या भोकांवरून बांधलेला 'इन्फर्ड' अंदाज 'मेजर्ड'च्या रांगेत बसवला, की कंपनी स्वस्त दिसणारच. त्यात पैसे संपले की या कंपन्या नवे शेअर काढतात. औंस तेवढेच राहतात, वाटेकरी वाढतात.

तेव्हा तक्ता हाती आलाच, तर आधी मूळ अहवाल उघडा. टनामागे ग्रॅम किती, 'इन्फर्ड' किती आणि परवाना मिळालाय का, एवढं पाहिल्याशिवाय डिमॅट खात्याला हात लावू नका.