खेळयंत्रांतील सूर आणि गिटार

नाणे टाकताच सुरू होणारी खेळयंत्रे तुमच्यापैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिली असतील. तुमच्या आईवडिलांपैकी काहींना मात्र ती आठवत असतील. पुरुषभर उंचीची पेटी, तिच्यात पडदा, पडद्याखाली एक दांडी व दोन-तीन कळा, आणि आतून अखंड निघणारे चिवचिवणारे आवाज. त्या आवाजांना संगीत म्हणावे असे त्या काळी कोणाच्या मनात आले असेल, तर ते एखाददुसऱ्याच्याच. आज मात्र कित्येक गिटारवादक ह्याच सुरावटी घेऊन त्यांना अतिशय संथ, विस्तीर्ण आणि धूसर असे रूप देतात. ह्या प्रकारास 'अँबियंट रॉक' म्हणतात. धावपळीच्या खेळाचे संगीत झोप यावी इतके सावकाश वाजवावयाचे, हा प्रथमदर्शनी विपर्यासच वाटतो. तो तसा आहे काय, हे पाहावयाचे तर आधी मूळ सुरावटी कशा घडल्या ते समजून घेतले पाहिजे.

१९७८ साली जपानमधील टायटो ह्या कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ काढला. त्याचे कर्ते तोमोहिरो निशिकादो. पडद्यावर पाच ओळींत पंचावन्न परग्रहवासी खाली खाली सरकत येतात, व त्यांच्या पावलांबरोबर चार उतरते मंद्र स्वर पुनःपुन्हा वाजत राहतात. शत्रू जसजसे मारले जातात, तसतसे उरलेले अधिक वेगाने चालू लागतात. कारण यंत्राला तितक्याच कमी आकृती हलवाव्या लागतात. त्यांच्याबरोबर ते चार स्वरही घाई करू लागतात आणि खेळणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. एवढ्या अल्प सामग्रीतून एवढी भीती निर्माण झालेली दुसरीकडे क्वचितच आढळेल.

पुढे नामको कंपनीने 'पॅक-मॅन' (१९८०), 'डिग डग' (१९८२) आणि त्याच सुमाराचा 'झेव्हियस' हे खेळ काढले. ह्यांच्या यंत्रांत एका वेळी फक्त तीन स्वर वाजू शकत. प्रत्येक स्वराची लहर अवघ्या बत्तीस बिंदूंनी रेखाटलेली असे, आणि प्रत्येक बिंदूला सोळांपैकी एक उंची देता येई. ह्या तिघांतूनच सुरावट, साथ आणि बंदुकीचे आवाज ही सारी गरज भागवावी लागे. म्हणून ह्या रचना आखूड, रेखीव आणि काटकसरीच्या झाल्या. पुष्कळ रचनांत तर एकत्र वाजवावयाचे स्वर एकामागून एक झरझर वाजवून एकत्र वाजल्याचा आभास निर्माण केलेला असतो. गरिबाघरच्या गृहिणीने एकाच पातेल्यात भात, वरण आणि भाजी उरकावी, तसा हा प्रकार होय.

'डिग डग'चे संगीत युरिको केइनो ह्या बाईंनी केले. खेळातील नायक जमीन खणीत चालतो. त्याच्या पावलांचा आवाज करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. तसा आवाज मनाजोगता साधेना, तेव्हा त्यांनी त्या जागी एक लहानशी सुरावट घातली. नायक चालू लागला की ती वाजते, थांबला की थांबते. म्हणजे येथे खेळणारा हाच एका परीने वादक ठरतो! केइनोबाईंचेच 'झेव्हियस'मधील संगीत ह्याहून निराळे: काही क्षणांची एक चिमुकली आवृत्ती, जी विमान उडत असेतो जवळजवळ न बदलता फिरत राहते. ती कंटाळवाणी आहे असे म्हणणारे म्हणोत. थोडा वेळ ऐकत राहिल्यावर ती ऐकू येईनाशी होते, आणि तरीही बंद पडली तर तत्काळ चुकल्यासारखे वाटते.

नेमके हेच लक्षण अँबियंट संगीताचे सांगितले जाते. अँबियंट म्हणजे सभोवारचे. ब्रायन इनो ह्या इंग्रज संगीतकाराने १९७८ च्या सप्टेंबरात, म्हणजे 'स्पेस इन्व्हेडर्स'च्याच वर्षी, ह्या संगीतावर एक टिपण लिहिले. लक्ष दिले तर गोडी वाटावी आणि न दिले तरी अडचण होऊ नये, असे हे संगीत असावे, हा त्याचा आशय. आपल्याकडे तानपुऱ्याचे काम पुष्कळ अंशी असेच असते. फरक एवढाच की तानपुरा गायकासाठी असतो, आणि येथे तानपुऱ्यालाच मैफलीत बसविले आहे.

आता गिटारीकडे वळू. आमच्या गोव्यात गिटार म्हटली की मांडोच्या साथीला छेडलेली गिटार डोळ्यांपुढे येते. प्रस्तुत वादनात ती तशी वाजत नाही. यंत्रातील स्वर पुष्कळदा एकाच उंचीने चालतो व कापल्यासारखा तुटतो. तारेचे नेमके उलट: छेडताक्षणी ठसठशीत आघात, आणि लगेच विरणे. वादकाला ही दोन्ही टोके टाळावयाची असतात. म्हणून तो आवाजाची कळ बंद ठेवून तार छेडतो व मग कळ हळूहळू उघडतो. आघात नाहीसा होतो आणि स्वर गजाने काढल्यासारखा उमलतो. ई-बो नावाचे मुठीत मावणारे एक साधन १९७० च्या दशकात निघाले. त्याच्या चुंबकीय प्रभावाने तार न छेडता कंप पावत राहते. ह्याच्या जोडीला प्रतिध्वनी असतो. आज तो पायाखालच्या लहानशा पेटीतून मिळतो. परंतु रॉबर्ट फ्रिप ह्या गिटारवादकाने इनोबरोबर जे ध्वनिमुद्रण १९७३ साली प्रसिद्ध केले, त्यासाठी दोन टेपरेकॉर्डर अंतरावर ठेवून एकाची फीत दुसऱ्यातून फिरविली होती. पहिल्यावर मुद्रित झालेला स्वर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजे आणि पहिल्याकडे परते. अशा रीतीने एकटा वादक थरावर थर चढवीत जाई.

ह्या सामग्रीने वादक मूळ सुरावट पसरू लागतो. चार सेकंदांत संपणारे वाक्य तो अर्ध्या मिनिटावर नेतो. यंत्राने झरझर एकामागून एक वाजविलेले स्वर तो विरू न देता एकमेकांत मिसळू देतो, आणि मग आजवर केवळ सुचविलेला स्वरसमूह खरोखरीच कानी पडतो. रचनाकाराच्या मनात जे असावे परंतु तीन स्वरांच्या यंत्रात जे मावत नव्हते, ते येथे मोकळे होते. द्रुत बंदिशीचे बोल विलंबित लयीत घेतल्यावर त्यातील एकेक स्वर निराळा दिसू लागतो, तसाच हा अनुभव. अर्थात रागविस्तारासारखी वाढ येथे नसते. मूळ आराखड्याच्या बाहेर वादक फारसा जात नाही. ढोलही असले तर दबक्या आवाजात, उशिरा येतात.

तथापि प्रत्येक सुरावट ह्या उपचारास मानवते असे नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स'चे ते चार स्वर संथ केले की, माझ्या मते, हाती काहीच उरत नाही. त्यांचा जीव त्यांच्या वाढत्या घाईत होता. 'झेव्हियस'ची आवृत्ती मात्र उलट अधिकच फुलते. आणखी एक दोष वारंवार आढळतो, तो प्रतिध्वनीच्या सोसाचा. इतके धुके पसरायचे की मूळ सुरावट ओळखूच येऊ नये, तर मग ती घेतली तरी कशाला?

ह्या सुरावटींचा आदर करणारे पहिले लोक मात्र गिटारवाले नव्हेत. जपानी संगीतकार हारुओमी होसोनो ह्यांनी १९८४ साली नामकोच्या खेळांतील संगीताची स्वतंत्र तबकडी काढली. त्याच सुमारास मुजी ह्या दुकानासाठी त्यांनी अत्यंत शांत असे पार्श्वसंगीतही रचले. एकाच माणसाला एकाच वेळी ही दोन्ही कामे करावीशी वाटली, ह्यावरून त्यांतील नाते गिटारवाल्यांनी ओढूनताणून जोडलेले नाही हे उघड आहे. त्या काळच्या खेळांत रचनाकारांची नावे बहुधा झळकतच नसत. खेळणाऱ्या लक्षावधींना केइनोबाई ठाऊक नव्हत्या. आज एखादा वादक आपल्या रूपांतराखाली मूळ कर्त्याचे नाव लिहितो, तेव्हा ती जुनी उणीव थोडीफार भरून निघते. जे वादक ते लिहीत नाहीत, त्यांचे वादन कितीही मधुर असले तरी मला ते अर्धेच वाटते.

ज्यांना हे ऐकून पाहावयाचे असेल त्यांनी आधी मूळ सुरावट ऐकावी व मगच रूपांतर. 'डिग डग'च्या बाबतीत तर मूळ खेळच पाहिला पाहिजे. कारण खेळणाऱ्याचा हात थांबताच पडणारी शांतता कोणत्याही ध्वनिमुद्रणात आपोआप येत नाही. गिटारवादक त्या जागी फार तर तारेवरून बोट उचलतो आणि नाद पुरता विरेपर्यंत थांबून राहतो.